रीसेटच्या आधी खाते काढणे आवश्यक
जुना अँड्रॉइड फोन घरातल्याच कोणाला वापरायला द्यायचा असेल, तर फॅक्टरी रीसेट (फोनमधील सगळी माहिती पुसून तो नव्यासारखा करणे) पुरेसे आहे, हे मत बव्हंशी पटते. मात्र त्याआधी सेटिंग्जमधून आपले गूगल खाते काढून टाकावे. २०१५ मध्ये अँड्रॉइड ५.१ सोबत आलेल्या संरक्षणामुळे, खाते तसेच ठेवून आवाजाचे व पॉवरचे बटण दाबून रीसेट केलेला फोन सुरू होताना जुन्याच खात्याचा पासवर्ड मागतो. भाच्याने गावी आजीला पाठवलेला फोन नेमका याच पडद्यावर अडला होता, आणि पासवर्ड भाच्यालाही आठवत नव्हता!

यूपीआय सुरू करून द्यायचे असल्यास बँकेशी जोडलेले सिम आधी त्याच फोनमध्ये घालावे आणि त्यात एसएमएसपुरती शिल्लक असल्याची खात्री करावी, कारण नोंदणीचा एसएमएस त्याच क्रमांकावरून जातो.