इंटरसेप्टर 650 ला परफॉर्मन्स कॅम: कोटेशन बरोबर आहे का?

घाटवाट: माझ्या रॉयल एन्फिल्ड इंटरसेप्टर 650 चा कॅम (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) पुण्यात बदलून घ्यायचा आहे. कॅम हातात आहे, फ्री-फ्लो सायलेन्सर आणि फिल्टर आधीच बसवलेत. कोटेशन असं: मजुरी 7,500, ट्यूनिंग (नव्या कॅमप्रमाणे इंधनाची सेटिंग) 10,000, 'इतर सामान' 3,000, वर 18 टक्के जीएसटी. एकूण 24,190. घासाघीस कुठे करावी?

स्पॅनर_14: मजुरीत करू नका. इंजिन फ्रेममधून उतरवावं लागत नाही, पण टाकी, प्लग, वरचं कव्हर, टायमिंग चेन (कॅम फिरवणारी साखळी) ताणून धरणारा टेन्शनर हे सगळं निघतं. टॅपेटचा गॅप (व्हॉल्व्हच्या टोकावरची बारीक फट) थंड इंजिनवरच घ्यायचा, त्यामुळे गाडी रात्रभर गॅरेजला राहते. सहा-सात तासांचं काम धरलं तर तासाला साधारण अकराशे ते साडेबाराशे पडतात, रास्त आहे. 'इतर सामान' मात्र फोड करून मागा. दोन पॅकिंगं, मॉली पेस्ट (वंगण) आणि लॉकटाइट (बोल्ट पक्का धरणारा गोंद) एवढ्यालाच 3,000 होत नाहीत. ऑइल आणि ऑइल फिल्टर त्यात धरलाय का ते विचारा.

घाटवाट: धन्यवाद. काम बिघडतं ते कुठे?

टायमिंगचेन: बहुतेक वेळा टेन्शनरवर. ऑटोमॅटिक टेन्शनरचा दांडा एकदा पुढे सरकला की आपोआप मागे येत नाही. बोल्ट ढिले करून तसेच परत आवळले तर चेन वाजवीपेक्षा ताणली जाते आणि चेनचे गाइड (ती ज्यावरून सरकते त्या पट्ट्या) लवकर झिजतात. तो पूर्ण बाहेर काढून, दांडा आत घेऊनच बसवायचा.

कॅम उचलताना चेन तारेने बांधलेली हवी आणि चेनच्या बोगद्यात स्वच्छ फडकं कोंबलेलं. स्प्रॉकेटचा (चेनच्या दातेरी चाकाचा) एक बोल्ट आत पडला की बाजूचं कव्हर उघडा, दिवस गेला.

बसवल्यावर लगेच सेल्फ मारायचा नाही. प्लग बाहेर असतानाच क्रँक (इंजिनाचा मुख्य शाफ्ट) हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवायचा. तेवढ्यात कॅमची एक फेरी होते आणि आठही व्हॉल्व्ह उघडून मिटतात. मध्ये कुठे अडलं तर जोर न लावता थांबायचं, टायमिंगचा दात चुकलेला असू शकतो. त्याच जागी सेल्फ मारला तर व्हॉल्व्ह पिस्टनला लागून वाकतो आणि हेड उतरवायची पाळी येते. गॅप कॅमसोबतच्या कागदावरचाच घ्या, स्टॉकचा (कंपनीच्या मूळ कॅमचा) नको.

स्पॅनर_14: ट्यूनिंगच्या 10,000 मध्ये डायनो (गाडी रोलरवर चालवून ताकद मोजणारं यंत्र) आहे का? नुसती तयार फाइल टाकणार असतील तर ही रक्कम फार आहे. ओ-टू सेन्सरवरून (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरवरून) होणारी मिश्रणाची दुरुस्ती हलक्या थ्रॉटलपुरती असते. फुल थ्रॉटलला ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) मॅपमधले, म्हणजे साठवलेल्या तक्त्यातले, आकडे घेतो, आणि ते जुन्या कॅमचे असतात. मिश्रण पातळ राहिलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह भाजतात. फुल थ्रॉटलला एअर-फ्युएल (हवा आणि इंधनाचं प्रमाण) 13 च्या आसपास हवं. कॅम बसवण्याआधीचा एक डायनो रन काढायला लावा, नाहीतर नंतरचा कागद कशाशी ताडून बघणार?

घाटवाट: कायद्याचं काय?

टायमिंगचेन: मोटार वाहन कायद्याच्या कलम 182अ खाली परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला 5,000 दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. इंजिनाच्या वॉरंटीवर भिस्त ठेवू नका. विमा कंपनीला बदल आधीच लेखी कळवा, अपघातानंतर नव्हे.

आणि नवा कॅम बसल्यावर 500 किमीला टॅपेट परत तपासावे लागतात. ते याच मजुरीत धरलंय असं कोटेशनवर लिहून घ्या. वेगळं धरलं तर टाकी आणि कव्हर पुन्हा उतरवायचे पैसे लागतील, नवं पॅकिंगही.