चटई क्षेत्र आणि चारी मुंड्या

भाची पुण्यात फ्लॅट बघतेय. परवा माहितीपत्रक माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "मामा, चटई क्षेत्र म्हणजे चटई मावेल तेवढी जागा ना?"

जवळपास तेच. कार्पेट एरियाला आपण केलेला शब्द. पण 2016 च्या रेरा कायद्यातली, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या स्थावर मालमत्ता कायद्यातली व्याख्या गमतीची आहे. घरातल्या आतल्या भिंतींखालची जागा त्यात धरतात, बाल्कनी धरत नाहीत. म्हणजे जिथे चटई जाणारच नाही ती जागा मोजायची, आणि संध्याकाळी जिथे हौसेने चटई टाकून बसायचं ती सोडायची! बाहेरच्या भिंती आणि डक्टही वगळलेले. भाचीने टेप लावून खोल्यांची बेरीज केली तर आकडा कमी भरला. फसवणूक नव्हती, आतल्या भिंती राहिल्या होत्या.

खरा घोळ 'चटई क्षेत्र निर्देशांक' या शब्दात आहे. हा एफएसआय, म्हणजे फ्लोअर स्पेस इंडेक्स: भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल तो आकडा. मूळ शब्दात फ्लोअर आहे, कार्पेट नाहीच. भूखंड 1000 चौरस मीटर आणि निर्देशांक 1 असेल, तर सगळ्या मजल्यांचं मिळून 1000 चौरस मीटर बांधकाम, बाहेरच्या भिंतींसकट. इथली चटई भिंतींवरही चढते! सरळ 'मजला क्षेत्र' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?

मग म्हणाली, "भाव करायला गेले आणि चारी मुंड्या चीत होऊन आले. पण मुंड्या चार कशा?"

मुंडी म्हणजे डोकं धरलं तर हिशेब जुळत नाही. मला पटतो तो मुंढा, शिंपी ज्याचं माप घेतो तो, खांद्याशी बाही जोडतात तिथला. दोन हातांचे दोन, तसेच पायांचे दोन. आखाड्यात दोन्ही खांदे मातीला टेकले की चीत. नुसता पालथा पडलेला हरत नाही, म्हणून तर खाली सापडलेला मल्ल पोट मातीला चिकटवून पडून राहतो.

तेव्हा थोडक्यात हुकलेल्या सामन्याला हा वाक्प्रचार लावू नये. डिसेंबर 2020 मध्ये अ‍ॅडलेडला आपला डाव 36 धावांत आटोपला, त्याला खुशाल लावा. (मालिका मात्र आपणच 2-1 अशी जिंकली.)

भाचीने भाव पन्नास हजारांनी उतरवलाय म्हणे. म्हणजे पालथी पडलीय, चीत नाही.