'जाणीव' की 'भान'?

समुपदेशकांच्या प्रशिक्षणासाठी एक टिपण मराठीत लिहितोय. 'कल्चरल अवेअरनेस'साठी 'सांस्कृतिक जागरूकता' लिहिलं, पण ते मोहिमेच्या फलकावरचं वाटतं. 'जाणीव' चालेल का? आणि 'कॉम्पिटन्स', 'ह्युमिलिटी' यांचं काय करावं?

— मी 'भान' म्हणेन. जाणीव होते, किंवा कुणीतरी करून देतं. भान आपल्याला ठेवावं लागतं, आणि ते सुटतंही. समोरच्याची भाषा, श्रद्धा, नात्यांची रीत आपल्याहून वेगळी आहे हे एकदा कळून भागत नाही, दर भेटीत ध्यानात ठेवावं लागतं.

'कॉम्पिटन्स'ला 'क्षमता' रूढ आहे, राहू द्या. फक्त एकदा कमावली की झालं, असं त्यातून वाटतं. मेलनी टर्व्हलॉन आणि जॅन मरे-गार्सिया या डॉक्टरांनी १९९८ साली 'ह्युमिलिटी'चा आग्रह धरला तो त्यामुळेच: शिकणं संपत नाही, आणि डॉक्टरच्या, समुपदेशकाच्या खुर्चीत बसलेल्याच्या हाती जास्त सत्ता असते हे मान्य करावं लागतं. 'नम्रता' म्हटलं की जोडलेले हात दिसतात. 'विनय' जवळचा, तो विद्येसोबत येतो.

— टिपणात एखादं मराठी वाक्य जरूर घ्या. 'जीव नकोसा झालाय' हेच घ्या ना. उकाड्यानंही जीव नकोसा होतो, आणि ज्याला खरोखर जगणं नको झालंय तोही हेच म्हणतो. दुभाष्याकडून शब्दशः ऐकणारा दचकेल. आपण मराठी माणसं मात्र 'बोलायची पद्धत' म्हणून पुढे जाऊ, आणि ही चूक फार महागात पडते. तिथं थांबून सरळ विचारावं, 'मरणाचे विचार येतात का?' विचारल्यानं तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही.

'डीएसएम-५' या मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकी ग्रंथात (२०१३) सांस्कृतिक मुलाखतीचे १६ प्रश्न आहेत. त्यातला एक मला फार आवडतो: हा त्रास तुम्ही घरच्यांना, मित्रांना कसा सांगाल? त्याच ग्रंथात झिम्बाब्वेतल्या शोना भाषेतला 'कुफुंगिसिसा' हा शब्द आहे, म्हणजे अति विचार करणं. शोना माणूस त्रासाचं कारणही तेच सांगतो आणि त्रासाला नावही तेच देतो. त्याला लगेच 'डिप्रेशन' म्हटलं, तर त्यानं सांगितलेलं कारण कागदावर येतच नाही.

— 'भान' घेतलं. आता 'क्लायंट'?

— 'रुग्ण' नको, येणारा प्रत्येक जण आजारी नसतो. 'अशील' वकिलाचा. मी लिहिताना 'क्लायंट'च ठेवते, आणि बोलताना त्यांचं नाव घेते.