मदत हवी आहे: एकाच स्वयंपाकात कमी सोडियमचं मीठ कसं वापरायचं?

निळीशाई (धागाकर्ती)

बाबांना बारा वर्षांपासून रक्तदाबाचा त्रास आहे. टेल्मिसार्टन रोज चालू आहे, तरी वरचा आकडा १५०च्या खाली क्वचितच येतो. आईचं क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारा रक्तातला आकडा) मागच्या दोन्ही तपासण्यांत थोडं वाढलेलं निघालं. वहिनीला पाचवा महिना लागलाय. स्वयंपाक सगळ्यांचा एकत्र होतो आणि तो मी करते.

जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये कमी सोडियमच्या मिठाबद्दल शिफारस केली, तेव्हापासून डोक्यात हेच चालू आहे. या मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून त्याजागी पोटॅशियम क्लोराइड घालतात. २०२१ मध्ये चीनमधला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला होता, तोही मी वाचला. ६०० खेडी, जवळजवळ २१ हजार माणसं, सरासरी पावणेपाच वर्षं. निम्म्या गावांना ७५ टक्के सोडियम क्लोराइड आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ दिलं. तिथे पक्षाघात १४ टक्क्यांनी आणि मृत्यू १२ टक्क्यांनी कमी झाले. माझे आजोबा पक्षाघातानेच गेले. तो आकडा वाचल्यावर त्याच दिवशी मिठाचा डबा बदलावासा वाटला.

पण पुढे वाचलं आणि अडले. त्या अभ्यासातली माणसं बाबांसारखी होती: आधी पक्षाघात होऊन गेलेली, किंवा साठीच्या पुढची आणि रक्तदाब वाढलेली. किडनीचा गंभीर आजार असलेल्यांना घेतलंच नव्हतं. शिफारससुद्धा सशर्त आहे. गरोदर बायका, मुलं आणि किडनी नीट काम करत नसलेली माणसं तिच्यातून वगळली आहेत. म्हणजे ज्या मिठाने बाबांचं भलं होईल, तेच आई आणि वहिनीसाठी नको. कुणाच्या घरी असा पेच होता का? काय केलंत?

अंकमोड

आधी १४ टक्क्यांबद्दल. त्याच अभ्यासात हजार माणसांमागे वर्षाला साधारण ३४ ऐवजी २९ पक्षाघात झाले. हजारात चार-पाच. गावंच्या गावं हे मीठ खाऊ लागली तर ही फार मोठी गोष्ट आहे. एका माणसाच्या बाबतीत मात्र आठवडाभर थांबून नीट चौकशी केल्याने काही बिघडत नाही.

आता बाबांबद्दल. ते या मिठासाठी अगदी योग्य आहेत असं तुम्ही गृहीत धरलंय, मला तिथेच थांबावंसं वाटतं. टेल्मिसार्टन, रामिप्रिल या गटांतली रक्तदाबाची औषधं शरीरातलं पोटॅशियम वाढवू शकतात. स्पायरोनोलॅक्टोन हे औषध तर हमखास लक्ष ठेवायला लावणारं. या औषधांवर असलेल्या प्रत्येकाला हे मीठ वर्ज्य आहे असं नाही, पण रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन आधी तपासायला हवं. हिशेब असा: पाच ग्रॅम मिठात सव्वा ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे सुमारे ०.६५ ग्रॅम पोटॅशियम. प्रौढांनी दिवसाला किमान साडेतीन ग्रॅम घ्यावं असं आरोग्य संघटना सांगते, त्यामुळे निरोगी किडनीला ही भर जड नाही. दुबळ्या किडनीला जड जाऊ शकते.

आणि गोळी घेऊनही आकडा १५० राहत असेल तर मीठ हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न औषधाच्या मात्रेचा आहे, तो डॉक्टरांपुढे लवकर ठेवा.

सांजवेळ

माझ्या सासूबाईंचं पोटॅशियम वाढलं होतं. त्यांना काहीही जाणवत नव्हतं, ना थकवा ना धडधड. नेहमीच्या रक्ततपासणीत कळलं आणि त्याच दिवशी दवाखान्यात भरती करावं लागलं. पोटॅशियम फार वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात, म्हणून एवढी घाई. "त्रास झाला तर बंद करू" या भरवशावर हे मीठ सुरू करू नका, एवढंच कळकळीने सांगते.

आमच्याकडे वाट सापडली ती अशी: एकत्र पातेल्यात नेहमीचंच आयोडीनयुक्त मीठ, पण हळूहळू कमी करत नेलेलं. ज्याला डॉक्टरांनी परवानगी दिली त्याने आपलं वेगळं मीठ ताटात घ्यायचं, तेही मोजून. त्यात आयोडीन आहे ना, ते पाकिटावर बघा. वहिनींच्या पोटातल्या बाळालाही आयोडीन लागतं, त्यामुळे त्यांचं मीठ कमी करताना याचा विसर पडू देऊ नका.

निळीशाई

दोघांचे मनापासून आभार. बाबांच्या गोळीकडे माझं लक्षच गेलं नव्हतं, सगळी काळजी आईची करत होते.

आज बाबांची औषधांची पिशवी काढून बसले. गुडघ्यांसाठी ते जवळजवळ रोज वेदनाशामक गोळी घेतात, दुकानातून आपणहून आणलेली. ती आयबुप्रोफेनची निघाली. वाचलं तर तिच्यानेही रक्तदाब वाढतो, किडनीवर ताण येतो आणि पोटॅशियमही वाढू शकतं. हे डॉक्टरांना आम्ही कधी सांगितलंच नाही.

परवाची वेळ घेतली आहे. आई-बाबा दोघांचं क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम तपासून घेते. डबा सध्या जुनाच, चमचा मात्र आजपासून लहान केला. डॉक्टरांनी बाबांना परवानगी दिलीच, तर ते मीठ सुरू केल्यावर पोटॅशियम पुन्हा किती दिवसांनी तपासायला सांगतात? कुणाला अनुभव असेल तर परवाच्या आत लिहा, म्हणजे तिथे नेमकं विचारता येईल.