कडक बोलायचं ते तुम्हीच बोला

तुम्ही लिहिलंय, नवरा म्हणतो मोठ्या झालेल्या मुलाला घराबाहेर काढ आणि तुम्हाला ते जमत नाहीये, कारण मुलगा तुमचा, त्याचा नाही. इथे उत्तर देणाऱ्या बहुतेकांनी नवऱ्याला दगडाच्या काळजाचा ठरवून टाकलंय, मला नाही पटलं ते. त्याने पोराचं लहानपण बघितलेलंच नाही, त्याला दिसतो तो आजचा दुपारपर्यंत झोपणारा, पैसे मागणारा बाप्या, आणि तुम्हाला त्याच्यातच अजून शाळेतलं पोर दिसतं, मग भांडण होणारच ना.

एक मात्र करा, मुलाशी जे काही कडक बोलायचं ते तुम्हीच बोला. सावत्र बाप बोलला की मुद्दा राहतो बाजूला आणि 'तू कोण सांगणारा' सुरू होतं. पण त्याआधी दोघांनी बसून ठरवा, किती पैसे, कुठवर, आणि नवऱ्याच्या नकळत गुपचूप देणं बंद म्हणजे बंद (संसार मोडतात ते यानेच, मुलामुळे नाही). द्यायचेच तर हातात कॅश नको, भाडं किंवा डॉक्टरची फी परस्पर भरा. त्याच्या लोनला गॅरंटर तर अजिबात राहू नका, हप्ते थकले की बँक तुमच्याच दारात.

दारूचा प्रकार असेल तर अल-अनॉन हा मदतगट बघा, १९५१ पासून खास पिणाऱ्याच्या घरच्यांसाठीच आहे तो, नवऱ्यालाही सोबत न्या. आणि मुलगा जीव द्यायची भाषा करत असेल तर बाहेर काढायचा विषय सध्या राहू दे, आधी सायकियाट्रिस्ट गाठा आणि तोवर त्याला एकटं सोडू नका.