होंडा एस२००० देऊन २०१८ ची फोर्ड मस्टँग जीटी घ्यावी का?

रॅरिटनकाठ (एडिसन, न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २००६ सालची होंडा एस२००० आहे. गाडी ७१,००० मैल चालली आहे, इंजिन आणि सस्पेन्शन कंपनीने दिले तसेच आहे, कापडी छतही मूळचेच आहे. जवळच्या एका डीलरकडे २०१८ सालची मस्टँग जीटी आली आहे. ती मॅन्युअल गिअरची असून परफॉर्मन्स पॅकेजसह (अधिक ताकदीचे ब्रेक वगैरे) आहे आणि ३८,००० मैल चाललेली आहे. तिची किंमत २९,००० डॉलर सांगितली आहे. माझ्या गाडीचे ते २१,००० धरायला तयार आहेत, म्हणजे वरचे आठ हजार आणि कर एवढेच मला भरावे लागतील.

हा विचार डोक्यात येण्याचे पहिले कारण म्हणजे मुलगी. ती दीड वर्षाची आहे आणि एस२००० मध्ये दोनच सीट आहेत, त्यामुळे ही गाडी आता बहुतेक वेळा गॅरेजमध्येच उभी असते. दुसरे कारण इंजिनाचा स्वभाव. सहा हजार आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांच्या) पुढे व्हीटेकचा, म्हणजे होंडाच्या झडपा उघडण्याच्या तंत्राचा, दुसरा कॅम लागला की अंगावर काटा येतो, हे खरे. पण रूट १ वर एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत रांगताना त्या सहा हजारांचे दर्शनही होत नाही, आणि खाली हे इंजिन अगदीच मवाळ वाटते. शिवाय व्ही८, म्हणजे आठ सिलिंडरची, गाडी एकदा तरी दारात असावी, ही जुनी हौस आहे.

कुटुंबासाठी आणि बर्फातल्या दिवसांसाठी पत्नीची सीआर-व्ही आहेच. गॅरेजमध्ये मात्र आणखी एकाच गाडीची जागा असल्यामुळे दोन्ही ठेवण्याचा प्रश्न येत नाही. आपला अनुभव काय सांगतो?

हिशेबी_माणूस (न्यू जर्सी)

हौसेला मोल नसते असे म्हणतात, पण डीलर ते लावतोच. म्हणून आधी आकडे पाहू.

आपल्या राज्यात विक्रीकर ६.६२५ टक्के आहे आणि जुनी गाडी डीलरला दिली तर तो फक्त फरकाच्या रकमेवर लागतो. तुमच्या बाबतीत आठ हजारांवर ५३० डॉलर होतील. तीच मस्टँग जुनी गाडी न देता घेतली, तर २९,००० वर १,९२१ डॉलर भरावे लागतील. म्हणजे डीलरला गाडी दिल्याने तुमचे सुमारे १,३९० डॉलर वाचतात, आणि स्वतः विकायची झाल्यास एस२००० चे निदान २२,४०० हातात आले तरच ते खटाटोप परवडेल. माझ्या मते याहून बरेच अधिक येतील. २००९ साली उत्पादन बंद झालेली, काहीही बदल न केलेली एस२००० शोधणारे लोक भरपूर आहेत आणि तशा गाड्या दरवर्षी कमीच होत चालल्या आहेत. डीलरलाही हे पक्के ठाऊक असते. तुमची गाडी तो आपल्या आवारात कोणत्या किमतीला उभी करील, याचा अंदाज बाजारातील जाहिराती पाहून घ्या, म्हणजे २१,००० हा आकडा कुठून आला ते कळेल.

(कॅलिफोर्निया किंवा व्हर्जिनियातील वाचकांनी हा हिशेब जसाच्या तसा उचलू नये, तिथे जुनी गाडी दिली तरी कर पूर्ण किमतीवरच लागतो.)

दुसरी बाब घसाऱ्याची. तुमची गाडी ज्या वयात किंमत घटायची थांबते ते वय ओलांडून पुढे गेली आहे, तर २०१८ च्या मस्टँगची किंमत अजून काही वर्षे उतरत राहील. विम्याचा दर सही करण्यापूर्वी त्या गाडीच्या व्हीआयएन (प्रत्येक गाडीच्या वेगळ्या ओळख) क्रमांकावरच मागवा. ४६० अश्वशक्तीच्या गाडीला न्यू जर्सीत किती हप्ता पडतो, हे ऐकून अनेकांचा उत्साह ओसरतो.

वुडवर्डकर (मिशिगन)

आम्ही डेट्रॉइटच्या उत्तरेला, वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूपासून जवळच राहतो. दर ऑगस्टमध्ये ड्रीम क्रूझच्या निमित्ताने या जातीच्या गाड्यांची मिरवणूक दारावरून जाते, त्यामुळे माझे मत थोडे व्ही८ च्या बाजूने झुकलेले आहे, हे आधीच सांगते. मी स्वतः २०१९ ची मस्टँग जीटी चालवते आणि यजमानांच्या भावाकडे बरीच वर्षे एस२००० होती, ती मी अनेकदा चालवली आहे.

या दोन गाड्यांना एकाच मापाने मोजता येत नाही. १९६४ च्या पाँटिअ‍ॅक जीटीओपासून इथली रीतच अशी की नेहमीच्या मध्यम आकाराच्या गाडीत मोठे इंजिन बसवायचे आणि सरळ रस्त्यावर ते सोडायचे. एस२००० ची मांडणी याच्या नेमकी उलट आहे. तिचे वजन सुमारे २,८५० पौंड, इंजिन पुढच्या चाकांच्या आसाच्या मागे सरकवलेले आणि शरीर इतके ताठ की वळणात गाडी आपल्या कमरेभोवती फिरल्यासारखी वाटते. मस्टँग ३,७०० पौंडांच्या घरात जाते. २०१५ पासून तिला मागेही स्वतंत्र सस्पेन्शन मिळाले, त्यामुळे खडबडीत वळणावर मागची बाजू उड्या मारण्याचा जुना दोष गेला. पण ते साडेआठशे पौंड ब्रेक लावताना आणि वळणात शिरताना जाणवतातच.

तुम्हाला जे हवे आहे ते मात्र तिथे नक्की मिळेल. एस२००० चा टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) १६२ पौंड-फूट आणि तोही साडेसहा हजारांच्या पुढे. २०१८ च्या जीटीचा ४२० पौंड-फूट, आणि त्यातला मोठा वाटा दोन हजारांपासूनच हाताशी असतो. तिसऱ्या गिअरमध्ये नुसता पाय टेकवला तरी गाडी पुढे झेपावते. शिवाय हे पाच लिटरचे कोयोटी इंजिन जुन्या व्ही८ सारखे खालच्या खाली दमत नाही. २०१८ पासून त्याची मर्यादा ७,४०० आरपीएम आहे, त्यामुळे उंच स्वरात गाणाऱ्या होंडाची सवय असलेल्या माणसालाही ते परके वाटत नाही.

गिअरबॉक्सबद्दल मात्र मन घट्ट करा. एस२००० चा गिअर मनगटाच्या हालचालीने पडतो. मस्टँगच्या एमटी-८२ गिअरबॉक्सबद्दल, विशेषतः थंडीत दुसरा गिअर अडखळण्याबद्दल, मालकांमध्ये वर्षानुवर्षे कुरकुर चालू आहे. खाली गिअर टाकताना आरपीएम आपोआप जुळवण्याची सोय जीटीला २०१९ पासून मिळाली, २०१८ च्या गाडीत ती नाही. एस२००० चालवणाऱ्याला तिची गरजही भासू नये म्हणा.

आता मुलीची गोष्ट. मस्टँगला मागे दोन सीट आहेत हे कागदावर खरे आहे. मूल दोन वर्षांखालचे आणि ३० पौंडांपेक्षा कमी वजनाचे असेल, तर न्यू जर्सीच्या कायद्यानुसार त्याची सीट मागे तोंड करूनच बसवावी लागते, आणि तशी सीट मस्टँगच्या मागे बसवली की पुढच्या प्रवाशाचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. त्यातून प्रत्येक बाजूला दार एकच, त्यामुळे पट्टे लावायला अर्धे अंग आत घालून वाकावे लागते. आमच्याकडे हा प्रयोग झाला आहे. पुढे तोंड करून बसण्याइतके मूल मोठे झाले की बरेच सुसह्य होते. मागच्या सीटसाठीच अदलाबदल करणार असाल, तर डॉज चॅलेंजर पाहा. ती आणखी जड आहे आणि तिचे उत्पादन २०२३ च्या अखेरीस थांबले, पण तिच्या मागच्या सीटवर मोठी माणसेही बसू शकतात. मागच्या सीटसाठी शेव्हरोले कमॅरोकडे मात्र पाहूच नका.

कोथरूडचा_वाचक (पुणे)

तुमची अडचण वाचून हेवा वाटला. आमच्याकडे २०१६ साली मस्टँग जीटी आली ती फक्त ऑटोमॅटिक, अश्वशक्ती कमी केलेली आणि दिल्लीत शोरूमबाहेर पडण्याआधीच ६५ लाखांची. एस२००० तर इथल्या बाजारात कधी उतरलीच नाही. माझे मत एवढेच की जी गाडी पुन्हा मिळणार नाही ती देऊ नये. मस्टँग दोन वर्षांनीही मिळेल.

रॅरिटनकाठ

सर्वांचे आभार. वुडवर्डकर ताई, मागच्या सीटबद्दल तुम्ही लिहिलेले पत्नीला वाचून दाखवले, आणि तिचे म्हणणे असे की मुलीला कारण करून मी माझीच हौस पुढे करतो आहे. त्यात तथ्य आहे, कारण खरी ओढ त्या इंजिनाची आहे. कराचा हिशेब पाहिल्यावर एस२००० स्वतः विकण्याकडे कल झाला आहे. ती अपेक्षित किमतीला गेली तरच मस्टँगचे पाहीन. विकताना आणि घेताना काय तपासावे?

ग्रीसचे_हात (पेनसिल्व्हेनिया)

विकण्यापूर्वी थंड इंजिन सुरू करून पहिल्या काही सेकंदांचा आवाज ऐका. टायमिंग चेनचा टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) झिजला असेल तर उजव्या बाजूने खडखडाट येतो. या इंजिनाचे हे नेहमीचे दुखणे आहे, पण जाणकार गिऱ्हाईक त्याचे भांडवल करून किंमत पाडतो, म्हणून तो आधीच बदलून पावती जवळ ठेवावी. छताच्या घड्यांवर कापड विरले आहे का आणि मागच्या चाकांच्या कमानींना गंज आहे का, हेही तोच माणूस पाहणार. तेलबदलाच्या जुन्या पावत्या एका फाइलमध्ये लावून दिल्यात, तर त्या धुतलेल्या-पुसलेल्या गाडीपेक्षा अधिक काम करतात.

मस्टँग पाहायला जाताना डीलरला फोन करून सांगा की इंजिन आधी गरम करून ठेवू नका. थंड गाडीतच पहिल्यावरून दुसरा गिअर टाकून पाहा. २०१८ च्या कोयोटीमध्ये गरम झाल्यावर काही गाड्यांत टाइपरायटरसारखी टकटक ऐकू येते. फोर्डने ती सर्वसाधारण मानली आहे, तरी तेलाची पातळी काढून बघा, कारण या वर्षाच्या काही मॅन्युअल गाड्या तेल पितात. मागचे टायर चार-पाच वर्षांचे असून कडांना गुळगुळीत आणि पुढचे जवळजवळ नवे असतील, तर आधीचा मालक गाडी कशी चालवत होता ते विचारायची गरज उरत नाही. परफॉर्मन्स पॅकेज खरोखर आहे का, हे पुढच्या चाकांमधून दिसणाऱ्या सहा पिस्टनच्या ब्रेम्बो कंपनीच्या कॅलिपरवरून (ब्रेक आवळणाऱ्या भागावरून) कळते. स्टिकरवर विसंबू नका.

कंपनीची पॉवरट्रेन (इंजिन-गिअरबॉक्सची) वॉरंटी पाच वर्षे किंवा ६०,००० मैल, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तेवढीच असते. म्हणजे मैल कमी असले तरी या गाडीची मुदत उलटून गेली आहे. म्हणून ओळखीच्या मेकॅनिकच्या लिफ्टवर गाडी चढवल्याशिवाय पैसे देऊ नयेत. डीलर गाडी तपासणीला बाहेर नेऊ देत नसेल, तर दुसरी शोधा. २०१८ च्या जीटी बाजारात मुबलक आहेत.