वेरा + फुल्डा = वेझर? जर्मनीतलं म्युंडन आणि आपला प्रीतिसंगम

कराडघाट
नववीसाठी संगमांचा भिंतीवरचा तक्ता करतेय. प्रीतिसंगमावर कृष्णा-कोयना समोरासमोर येतात, पूर्वेला वळतात आणि पुढं नाव कृष्णेचंच राहतं. जर्मनीत हानोफर्श म्युंडनला वेरा आणि फुल्डा मिळतात, पण पुढच्या नदीला वेझर म्हणतात. दोघींची नावं का गेली? मुख्य नदी कोणती दाखवू? गाव तिथंच का वाढलं?

नदीखोरं
ताई, वेराचं नाव गेलेलंच नाही. वेरा आणि वेझर ही एकाच जुन्या नावाची दोन रूपं. वरच्या अंगाच्या बोलीत वेरा झालं, खाली उत्तरेकडं वेझर. रोमन लोक तिला विसुर्गिस म्हणत. म्हणजे प्रकार कराडसारखाच. संगमावर १८९९ सालची शिळा आहे, तिच्यावर दोघींना नावं सोडावी लागली असं पद्य कोरलंय. पद्य गोड आहे, पण तक्त्यात ते कारण म्हणून देऊ नका.

वेरा-वेझर एका रंगात काढा, फुल्डा दुसऱ्या. लांबी साधारण वेरा ३००, फुल्डा २२०, वेझर ४५० किमी. १ सेंमीला २५ किमी धरलं तर १२, ९ आणि १८ सेंमी. ही लांबी वळणांसकट आहे. लहान नकाशात बारीक वळणं सरळ होतात, त्यामुळं रेघेवर दोरा ठेवून मोजलं तर कमीच भरेल; आकडे बदलू नका. मुलं एक नक्की विचारतील: संगमाशी पाणी फुल्डाचं जास्त असतं, मग मुख्य नदी ती का नाही? नाव पाणी मोजून पडलेलं नाही, लोकांच्या तोंडून पडलंय.

नकाशात शोधताना मिन्डन उचलू नका. तेही वेझरकाठीच आहे, पण बरंच खाली उत्तरेला.

पेठकरी
म्युंडन नावातच नदीचं मुख आहे. गाव वाढलं ते १२४७ च्या हक्कामुळं. येणाऱ्या मालवाहू होड्यांनी माल इथं उतरवायचा, तीन दिवस गावात विक्रीला ठेवायचा, मगच उरलेला पुढं न्यायचा. हा हक्क एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकला. पेठेतली लाकडी चौकटींची शेकडो घरं त्याच पैशावर उभी राहिली.

नुकसान कुणाचं झालं तेही सांगा. १७०७ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ देनी पापँ कासेल शहराहून, पाणी मागं सारणाऱ्या चाकांच्या होडीतून फुल्डानं खाली आला, त्याला पुढं इंग्लंडला जायचं होतं. नावाड्यांच्या संघानं हक्क दाखवून होडी अडवली आणि मोडून टाकली. ती वाफेवर चालत होती असं सर्रास छापतात. चाकं हातानं फिरवायची होती. तक्त्यात ‘पहिली आगबोट’ लिहू नका.

सांगलीवाडी
पुराशिवाय संगमाचा तक्ता अपुरा. जुलै १३४२ च्या महापुराची नोंद तिथल्या सेंट ब्लासियस चर्चवर कोरलेली आहे.

फुल्डाला मिळणाऱ्या एडर नदीवर १९१४ मध्ये धरण पुरं झालं. साठा सुमारे २० कोटी घनमीटर, आपल्या हिशेबात ७ टीएमसी, कोयना १०५. कोयना मुख्यतः विजेसाठी. एडरचं मोठं काम म्हणजे उन्हाळ्यात पाणी सोडून वेझरमध्ये बोटी चालतील एवढी खोली राखणं. कोरड्या वर्षी तळं इतकं उतरतं की बुडालेल्या गावांचे अवशेष उघडे पडतात. मे १९४३ मध्ये ब्रिटिश विमानांनी हे धरण फोडलं, तेव्हा लोंढा एडर आणि फुल्डामार्गे म्युंडनवरून वेझरमध्ये गेला. म्हणून एडर नकाशात बारीक रेघेनं तरी हवीच. ती कासेलच्या वरच्या अंगाला, म्हणजे नकाशात दक्षिणेला, फुल्डाला मिळते.